नानाजी कापूस काहून विकत नाही

नानाजी गावंड्यांची सून सलोनी नेमकं काय काम करते, हे धारेगावात कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं, कॉम्प्युटरवर पिच्चर काढते. कुणी म्हणतं, मोबाइल दुरुस्त करते. आळीतल्या बायकांचं मात्र ठाम मत आहे की ती काहीएक करत नाही, दार लावून कापसाच्या खोलीत बसते आणि आतून राक्षसासारखी गुरगुरते. यातलं शेवटचं अगदी खरं आहे. ती गुरगुरते, आणि पुण्याची एक कंपनी तिला त्याबद्दल पगार देते. आता यावर आळीतल्या बायकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणं म्हणजे आपणच बह्याड ठरणं.

तर सलोनी व्हिडिओ गेमला संगीत देते. ही गोष्ट काही लपवलेली नव्हती. नानाजी लोहाऱ्याला मुलगी पाहायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी छाती फुगवून सांगितलं होतं, पोरगी गेमला संगीत देते म्हणून. नानाजींनी मान डोलावली. त्यांना वाटलं, महागावला कबड्डीचे सामने भरतात तेव्हा मंडपात कर्णा लावतात, तसलं काही असेल. बाईमाणसानं मैदानावर कर्णा लावावा हे त्यांना फारसं पसंत नव्हतं, पण पोरगी हसतमुख होती, आणि नयननं, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, तर पोह्यांची बशी हातात पडायच्या आधीच मनातून होकार देऊन टाकला होता. सोयरीक जुळवताना माणूस किती गोष्टींना न समजता मान डोलावतो, ते विचारू नये.

लग्न होऊन आली तेव्हा तिनं एक पेटी कुणाला उचलू दिली नाही, स्वतः मांडीवर घेऊन बसली. इंदूबाईंना, सासूबाईंना, वाटलं आत दागिने असतील. पेटी उघडली तर निघालं काय, एक लॅपटॉप, बाजाच्या पेटीचं पिल्लू वाटावं असा एक की-बोर्ड, शालीत गुंडाळलेला माइक, कानांवर दोन वाट्या पालथ्या घालाव्यात तसले हेडफोन, आणि वायरींचा एवढा गुंता की इंदूबाई म्हणाल्या, बाई, हे सोडवण्यातच तुझं आयुष्य जाईन.

सुरुवातीला तिनं पुढच्या खोलीत बस्तान मांडलं. पण पुढच्या खोलीत काम होईना. कोंबड्या ओरडायच्या, ट्रॅक्टर जायचे, आणि सकाळी नानाजी ओसरीवर बसून घसा साफ करायचे. नानाजींचा घसा म्हणजे साधा घसा नाही, चार घरांपलीकडची म्हैस उठून उभी राहते. समुद्रातल्या चाच्यांचा एक गेम होता, त्यातल्या वादळात हा घसा चुकून राहून गेला. कंपनीत कुणाला कळलंच नाही, त्यांना वाटलं जहाजाचं लाकूड करकरलं.

मग एके दिवशी ती सासूबाईंचं सूप शोधायला कापसाच्या खोलीत गेली. धारेगावात प्रत्येक घरात अशी एक खोली असते. वेचणी झाली की कापूस तिथं आढ्यापर्यंत भरायचा आणि भावाची वाट पाहायची. सलोनी आत गेली, सूप विसरली, आणि तिनं टाळी वाजवली. मग आणखी एक वाजवली. नानाजी दारातून पाहत होते. नवी नवरी एकटीच कापसापुढे टाळ्या वाजवते, हे पाहून त्यांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. ती बाहेर आली ती इतकी आनंदात की लग्नातही एवढी हसली नव्हती. म्हणाली, बाबा, इथं आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, कापूस पिऊन घेते त्याले. असली खोली करायला शहरात लोक कारागीर लावतात.

त्या दिवसापासून ती कापसाची खोली सूनबाईची झाली. फक्त कापूस असेपर्यंत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. कापूस विकला की पुन्हा उघड्या भिंती, पुन्हा कोंबड्या. उरलेलं वर्ष ती गोधड्या टांगून कसंबसं भागवायची आणि खरं नाजूक काम, गळ्याचं आणि फुंकरीचं, कापसाच्या दिवसांसाठी राखून ठेवायची.

खोलीला एकच खोट होती. घरात भरलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, आणि ती अशी तशी नाही, पुरणपोळीच्या पंगतीतून उठवते. सलोनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची, अंगाला खोबरेल चोपडायची, संध्याकाळी इंदूबाई तिला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायच्या. तरी व्हायचं ते व्हायचंच. एका गेममध्ये राक्षस येण्याआधी ढोल वाजता वाजता एकदम थांबतात आणि श्वासभर काहीच ऐकू येत नाही. त्या थांबण्याची कंपनीत फार तारीफ झाली, छातीत धस्स होतं म्हणाले. तिथं सलोनीनं पाठ खाजवली होती.

तिचं काम नानाजींना कळलं ते एका दुपारी चहावर. ती म्हणाली, सिनेमातलं गाणं सुरू होते आणि संपते. गेममधलं गाणं कधी संपवायचं ते आपल्या हातात नसते. खेळणारा एखाद्या पुलावर अर्धा घंटा अडकून बसला तर गाणंही अर्धा घंटा चाललं पाहिजे, आणि ते फिरून फिरून तेच येते हे त्याला समजता कामा नये. शत्रू जवळ आला की त्याच गाण्यात ढोल मिसळायचे, दूर गेला की हळूच काढून घ्यायचे. नानाजींनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाले, म्हणजे पाळण्यावरचं गाणं, पोट्टं झोपेपर्यंत चालू. सलोनी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, हो, तसंच, फक्त इथं पोट्टं झोपलं तर आपली नोकरी जाते.

हत्यारं म्हणाल तर अर्धी पेटीतली आणि अर्धी घरातली. फवारणीच्या पंपातून अजगर फुसकारायचा. सुपात तूर घोळवली की पाऊस पडायचा. तव्यावर उलथणं आपटलं की तलवारी. भाकरीच्या वेळेला तवा जागेवर सापडेल तर शपथ. इंदूबाई चुलीपुढून हाका मारायच्या आणि तवा आतमध्ये कुणा राजपुत्राचा जीव वाचवत असायचा. पुढे तो गेम आला, नयन अंगणात बसून खेळत होता, तलवारींची खणाखणी झाली, तर इंदूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, हा आपला तवा हाये. नातवाचं कौतुक करावं तसं म्हणाल्या.

आता भावाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

कापसाचा भाव मोबाइलवर दिसतो, टीव्हीवर सांगतात, जिनिंगवाला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचा मालक, स्वतः फोन करतो. धारेगावाचा यातल्या कशावरही भरवसा नाही. धारेगाव नानाजींच्या दाराकडे पाहतं. नानाजींच्या दारात मेटॅडोर लागला की सगळं गाव विकतं, आणि नाही लागला की सगळं गाव थांबतं. याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नानाजींनी मध्येच अचानक सगळा कापूस विकला, गाव हसलं, आणि लगेच भाव कोसळला. तेव्हापासून त्यांना बाजाराची नाडी कळते असं ठरलं. खरं तर त्या वेळी छपरातून पाणी गळायला लागलं होतं म्हणून त्यांनी विकला होता. त्यांनी तसं दहा जणांना सांगितलंही, पण लोकांना छपरापेक्षा नाडी आवडली. मग नानाजींनीही सांगणं सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर पारावर मानानं बसायला कुणाला वाईट वाटतं?

यंदा भाव चांगला चढला. गाव नानाजींच्या दाराकडे टक लावून बसलं. आणि नेमकं तेव्हाच सलोनीचं अडलं.

तिच्याकडे एक मोठा गेम होता. एक पोरगी जंगलात वाट चुकते, भुताखेतांतून, दऱ्याखोऱ्यांतून जाते आणि शेवटी घरी पोचते. सगळा गेम झाला होता, अजगर झाले, पाऊस झाला, भुतं झाली. राहिलं होतं फक्त ती घरी पोचते तेव्हाचं गाणं. एका बाईचा आवाज, शब्द नाहीत, बाजा नाही, आणि त्याला शेवट हवा. आजवर बिनशेवटाची गाणी करत आलेल्या पोरीला शेवट काही केल्या सुचेना. कंपनीनं मुदत दिली आणि वर म्हटलं, तिकडं नसेल जमत तर महिनाभर पुण्याला या, इथं चांगली खोली आहे, बसून करा.

नानाजी वावरातून येऊन न्हाणीपाशी पाय धूत होते तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांच्या कानावर आलं. सलोनी सासूला सांगत होती की भाव बरा आहे, बाबांनी कापूस विकून टाकावा, माझ्यापायी घरचा माल अडवला तर मला घास गोड लागणार नाही, मी महिनाभर पुण्याला जाऊन करून येते.

नानाजींनी तांब्या खाली ठेवला. महिनाभर म्हणून पुण्याला गेलेल्यांचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. समोरच्या रामधनचा पोरगा पियुष तीन महिन्यांसाठी म्हणून गेला होता. आता पोळ्याला येतो, बॅग उघडतसुद्धा नाही, वरच्यावर एक शर्ट काढतो आणि दुसऱ्या दिवशी चेन लावून निघतो. सून गेली की नयन तिला पोचवायला जाणार, आणि पोचवायला गेलेली माणसं परत येतात का कधी? नानाजींना मुलगी नव्हती. ही पोरगी दुपारी त्यांच्यासमोर बसून चहा पिते, त्यांच्या घशाची नक्कल करते, त्यांच्याशी भांडते. ती घरात आल्यापासून घर भरल्यासारखं वाटायचं, आणि हे त्यांनी बायकोलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. सासऱ्यानं असलं बोलायचं नसतं.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं, भाव नाही आला अजून, कापूस हलणार नाही. नयननं खिशातून मोबाइल काढून दाखवला, की बाबा, वर्षातला सगळ्यात चांगला भाव आज आहे. नानाजी म्हणाले, मोबाइल ठेव आणि जेव. सलोनीनं ताटावरून मान वर केली नाही, पण तिचा चेहरा असा खुलला की नानाजींनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामधन आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग मुद्द्यावर आला, काहून थांबले म्हणून. नानाजी सुनेशी खोटं बोलले होते, तेवढ्यानंच त्यांना अपचन झालं होतं. मित्राशी त्यांना बोलवेना.

"सूनबाईचं गाणं व्हायचं हाये," ते म्हणाले. "ते झालं का विकतो."

रामधननं त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, मग मांडीवर थाप मारून हसत हसत उठला. दुपारपर्यंत गावभर झालं की नानाजीला कुठून तरी पक्की खबर लागली आहे, भाव कुठल्या कुठं जाणार आहे, आणि म्हातारा इतका बेरकी की सुनेच्या गाण्याचं निमित्त सांगतो. गावानं कापूस विकला नाही. गाड्या घेऊन आलेले दलाल रिकामे परत गेले.

मग भाव उतरू लागला. थोडा थोडा, रोज. आणि गंमत पाहा, भाव जसा उतरे तसा गावाचा विश्वास वाढे. भाव उतरतो आहे तरी नानाजी हलत नाही, म्हणजे खबर केवढी मोठी असेल! पारावर माणसं खाजवत बसू लागली. सगळ्या घरांतून कापूस तुंबलेला, सगळ्यांची अंगं लाल. पोरं शाळेत खाजवायची, मास्तर फळ्यावर लिहिता लिहिता खाजवायचे. बायका नानाजींच्या नावानं बोटं मोडू लागल्या.

नानाजींना राहवेना. ते घरोघर गेले. हात जोडून म्हणाले, बापाहो, तुम्ही विकून टाका, मी थांबतो. याहून वाईट त्यांना दुसरं काही बोलता आलं नसतं. आम्ही विकायचं आणि यानं एकट्यानं मलई खायची, असं म्हणत लोकांनी कापसाच्या खोल्यांना कुलपं ठोकली. एरवी रामराम घालणारी माणसं तोंड फिरवून जाऊ लागली.

एका दुपारी ते रामधनकडे गेले तर त्याची म्हातारी आई गोठ्यात बाजेवर बसलेली. तिच्या खोलीतही कापूस भरला होता. म्हातारी दंड खाजवत म्हणाली, तू हाये म्हणून आमाले काळजी नाही रे नाना. नानाजी घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता ओसरीवर बसून राहिले. आपली सून घरात राहावी म्हणून आपण म्हातारीला गोठ्यात बसवली, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मेटॅडोरवाल्याला फोन लावला. गाव तोंडानं ऐकणार नव्हतं, दारात लागलेल्या गाडीचंच ऐकणार होतं.

सलोनीला ते म्हणाले, भाव आला, उद्या गाडी येते. भाव तर पार तळाला गेला होता, पण सांगायला काय जातं. तिनं हेडफोन काढून गळ्यात अडकवले. मग म्हणाली की गाणं सुचलं, शेवटही सुचला, फक्त गळ्यातून काढून भरायचं राहिलं, पण आज कापसाच्या धुळीनं आवाज बसला आहे, आणि मुदत उद्याचीच आहे. नानाजींना वाटलं, आता हिची बॅग निघणार.

पण तिनं भलतंच विचारलं. जिनिंगवर गेल्या गेल्या गाडी रिकामी होते का? नानाजी म्हणाले, कोठची, लाइन राहते, दिवस दिवस थांबा लागते. तर म्हणाली, मग मी गाडीत बसतो. खोली जिकडं जाईन तिकडं मी.

इंदूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लोक म्हणतील, सासूनं कापसाबरोबर सूनही विकायला काढली. पण सकाळी गाडी भरताना मधोमध विहिरीसारखा खड्डा ठेवायला त्यांनीच लावलं, आणि कापूस तुडवणाऱ्या माणसांना दटावून दटावून तो ढासळू दिला नाही. आत एक स्टूल, स्टुलावर सलोनी, मांडीवर लॅपटॉप, समोर माइक, वर ताडपत्री. नयन ड्रायव्हरशेजारी बसला. नानाजी सगळ्यात वर, कापसावर, ताडपत्री वाऱ्यानं फडफडू नये म्हणून तिची कड धरून.

मेटॅडोर गावाबाहेर पडला आणि धारेगावात एकच पळापळ झाली. कुलपं निघाली, ट्रॅक्टर निघाले, ट्रॉल्या भरल्या. ऊन चढेपर्यंत महागावच्या जिनिंगबाहेर नानाजींच्या मागं अख्खं धारेगाव रांगेला लागलं होतं, आणि प्रत्येक जण इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवत होता.

ताडपत्रीतून हाक आली, बाबा, ट्रॅक्टर. नानाजी खाली उतरले आणि एकेका गाडीपाशी जाऊन सांगत फिरले, इंजिन बंद करा बापा, आत सून गाऊन राहिली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इंजिनं बंद केली. हा कुठला डाव आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण नानाजीचा डाव आहे म्हटल्यावर मोडायचा नाही, एवढं कळत होतं. नानाजी पुन्हा वर चढून बसले. आतून तिचा आवाज सुरू झाला, अगदी हळू.

आणि तेवढ्यात फाटक उघडलं. फाटकावरच्या माणसानं हात हलवला, आणा गाडी. ड्रायव्हरनं किल्लीला हात घातला तर नयननं त्याचा हात धरला. नानाजींनी वरून खूण केली, बाकीचे जाऊ द्या पुढं. मागचा ट्रॅक्टर रामधनचा. तो पुढं जायच्याऐवजी उतरला आणि तावातावानं कापसाच्या गाडीवर चढून नानाजींपाशी येऊन बसला. दोघं म्हातारे ढिगाऱ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून, कुजबुजत भांडू लागले.

"भाव कालच्यापेक्षा बी खाली हाये," रामधन म्हणाला. "आन फाटक उघडलं तरी तू जात नाहीस. खरं काय ते सांग मले आता."

"पहिल्या दिवशीच सांगतलं होतं, रामधन," नानाजी म्हणाले. "भावाचं मले कधीच काही समजलं नाही. ही पोरगी पुण्याले जाईन म्हणून भेलो. इथंच तिचं काम व्हावं म्हणून कापूस अडवला. तिले नाही सांगतलं, सांगतलं असतं तर त्याच दिवशी बॅग भरून निंगाली असती. गावाचं नुकसान झालं, ते माझ्या डोक्यावर. पण आता घडीभर थांब."

रामधननं कापसाचा एक पुंजका बोटांनी पिंजला.

"भावाच्या गोष्टीत माणूस खरं बोलत असते का कधी?" तो म्हणाला. "आमाले कसं समजावं?"

मग म्हणाला, "पियुषच्या वक्ताले मले हे सुचलं नाही." एवढं बोलून तो खाली उतरला, ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

मागच्या लोकांनी त्याला गराडा घातला. त्यानंही त्यांना खरं खरं सांगितलं, सुनेचं गाणं चालू आहे म्हणून. लोकांनी माना डोलावल्या. रामधनही फुटला नाही म्हणजे प्रकरण भारीच आहे, असं म्हणून त्यांनीही आपापल्या किल्ल्या खिशात टाकल्या. रस्त्यावर चिटपाखरू बोलेना.

फाटक उघडं, आणि आत एकही गाडी येत नाही. थोड्या वेळानं जिनिंगचा खुद्द व्यापारी बाहेर आला. त्यानं पाहिलं तर लांबच लांब रांग, सगळ्यांची इंजिनं बंद, सगळे हाताची घडी घालून उभे, आणि सगळ्यात पुढं कापसाच्या डोंगरावर एक म्हातारा. असली एकी त्यानं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्यानं खालून विचारलं, काय झालं पाटील, काहून थांबले? नानाजींनी ओठांवर बोट ठेवलं. व्यापारी जरा घुटमळला आणि त्यानं भाव थोडा वाढवून सांगितला. नानाजींनी पुन्हा बोट ठेवलं. व्यापारी आणखी चढला. रांगेतून कुणीतरी नुसता सुस्कारा सोडला.

तेव्हा ताडपत्री हलली आणि खड्ड्यातून सलोनीचं डोकं वर आलं. केसांत कापूस, कानांवर हेडफोन, डोळे लालबुंद. नानाजींना वाटलं खाजेनं झाले असतील.

"झालं का, बेटा?"

"नाही झालं," ती म्हणाली. "तुमचं आन रामधनकाकांचं बोलणं समदं माइकात आलं."

नानाजींना कुठं तोंड लपवावं कळेना. चारी बाजूंनी कापूस असूनही कळेना. ते म्हणाले, "मंग पुसून टाक ते."

"नाही पुसत. ते माझ्यापाशी राहीन." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मले तर भाव नाही आला म्हणून सांगतलं होतं तुमी."

नानाजींनी खाली उभ्या असलेल्या व्यापाऱ्याकडे हात केला. "नोताच आला. आता येऊन राह्यला."

ती रडता रडता हसली. म्हणाली, मी कोठं जात नाही बाबा, पण गाणं परत गावं लागते, अन् या खेपेले तुमी काही बोलू नका. आणि ती आत गेली.

नानाजींनी ताडपत्री ओढून घेतली, कड घट्ट धरली आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. आतून आवाज आला. शब्द नव्हते, वाजवणं नव्हतं, कुणीतरी खूप दुरून चालत येऊन अंगणात पाय टाकतं एवढंच त्यात होतं. मग ते संपलं. नानाजी ते पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत राहिले, पण ते संपलंच होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात ताडपत्री आणि दुसरा ओठांवर. व्यापाऱ्यानं ते रडणं पाहिलं आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसत भाव आणखी वाढवला. मागं उभ्या धारेगावानं एकमेकांना कोपरानं ढोसलं, की पाहा, म्हातारा रडूनसुद्धा दाखवते, याच्याइतका भाव कुणाले समजत नाही.